‘आजी, पासवर्ड मला सांगू नका’

प्रति,
आईचा लॅपटॉप उघडून देणाऱ्या तंत्रज्ञांस,

सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका असे तुम्ही बजावल्यामुळे हे पत्र बिननावाने लिहीत आहे. मदरबोर्ड बदलून आणलेल्या लॅपटॉपने निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की (कुलूपबंद डिस्क उघडण्याची राखीव किल्ली) मागितली, तेव्हा दुकानदाराने मान वर न करताच ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असा निकाल दिला होता. आईने केलेली मोडी कागदांची लिप्यंतरे त्यात होती, पण आत काय आहे हे विचारण्याची तसदी कोणी घेतली नाही. पावतीच्या मागे तिचा पासवर्ड तेवढा लिहून घेतला.

तुम्ही आधी विचारलेत ते, लॅपटॉप नवा असताना कोणत्या ईमेलने सुरू केला होता. विंडोजच्या होम आवृत्तीत मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केल्यावर डिस्कचे एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारे कुलूप, बहुधा आपोआप चालू होते, त्याची ही ४८ अंकी किल्ली त्याच खात्यात जमा होते आणि डिस्क एरवी गुपचूप उघडून देणारी टीपीएम चिप जुन्या बोर्डाबरोबर गेली होती, हे तुम्ही आईला समजेल अशा मराठीत सांगितलेत.

पुढचा प्रसंग मी विसरणार नाही. सवयीने आई त्या खात्याचा पासवर्ड मोठ्याने सांगू लागली, तर तुम्ही तिला थांबवून ‘आजी, मला सांगू नका, तुम्हीच टाका’ म्हणालात आणि ती एका बोटाने एकेक अक्षर शोधत असताना, घाई न करता, भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे तोंड करून उभे राहिलात. खात्यात सापडलेल्या किल्लीचे सहा-सहा अंकांचे आठ गटही तिच्याच हाताने वहीत उतरवून घेतलेत. तुमच्या मोबाइलवर फोटो काढला नाहीत. पुढ्यातला माणूस वयस्कर आहे म्हणून त्याचा खासगीपणा आपोआप आपल्या हवाली होत नाही, एवढी साधी जाण हल्ली सुशिक्षितांतही क्वचितच दिसते.

वैतागून मी एन्क्रिप्शन बंद करा म्हटले, तेव्हा लॅपटॉप चोरीला गेल्यास डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की नुसत्या विंडोजच्या पासवर्डाचा उपयोग होत नाही, हे तुम्ही दाखवून दिलेत आणि निर्णय आईवर सोपवलात. तिने ते चालूच ठेवले आहे.

आता लिप्यंतरांची पेन ड्राइव्हवरची प्रतही तिला कुलूपबंद हवी आहे. होम आवृत्तीतून पेन ड्राइव्हला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे स्वतःचे एन्क्रिप्शन, लावता येत नाही, म्हणून तुम्ही सुचवलेले व्हेराक्रिप्ट हे एन्क्रिप्शनचे वेगळे सॉफ्टवेअर वापरायचे ठरले आहे. सवडीने एकदा यावे, आणि या खेपेस मेहनताना घ्यावा, असा आईचा निरोप आहे.

आपली आभारी,
एका मोडी वाचकाची मुलगी