किल्ली शिपाईमामांकडे!
महोदय,
परवा मुलीच्या शाळेत पालकसभेला गेलो होतो. जिन्याजवळच्या आग विझवायच्या लाल सिलिंडरवरची चिठ्ठी पाहिली, तर मुदत दोन वर्षांपूर्वीच संपलेली. मागच्या जिन्याच्या जाळीच्या दाराला कुलूप. किल्ली शिपाईमामांकडे, आणि मामा बँकेत गेलेले! 'मॉक ड्रिल, म्हणजे आग लागल्यास बाहेर पडण्याचा सराव, होते का?' विचारले, तर फोटो दाखवले. मुले रांगेत हसत उभी. बाहेर पडली तीही पुढच्याच दाराने.

१६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातल्या आगीने गवती छप्पर पेटले आणि ९४ मुले गेली. त्याच प्रकरणाच्या संदर्भात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांत अग्निशमन साधने आणि शिक्षकांना प्रशिक्षण आवश्यक ठरवले. कागदावर सगळे आहे.

ड्रिल एकदा तरी न सांगता, मधल्या सुट्टीत घ्या. मुले डबे उघडून बसलेली, निम्मी नळावर. पहिलीच्या मुलांना कोण खाली आणणार, हजेरीपट कोणाच्या हातात, हे तेव्हाच कळेल. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी फोटोंची फाईल पाहण्याआधी मागच्या दाराची किल्ली मागावी, एवढीच विनंती.

– एक पालक, सातारा