कारध्याच्या अलीकडे

लाखनी, रविवार रात्र

राजा,

दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही. रागावला असशील, रागव. पण हे वाच, कारण दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही. घरचे म्हणतात, काही झालं नाही ना, मग कशाला उगाळतोस?

मंगळवारी पहाटे आईला डोळ्यांच्या तपासणीला नागपूरला नेत होतो. (बाकी ती बरी आहे, गुडघे तेवढे धरतात.) कारध्याच्या पुलाअलीकडे एवढं धुकं की बोनेटही दिसेना. हेडलाइट अप्पर केला तर समोर पांढरी भिंत. डिप्पर केला, फॉग लॅम्पचं बटण दाबलं. डॅशबोर्डवर हिरवी खूण लागली, रस्त्यावर काहीच नाही. अन् पुढ्यात धानाची ट्रॉली, मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. आई ओरडली म्हणून ब्रेक लागला. उतरून पाहिलं, तर फाळका आणि बंपर यांच्यात वीतभर जागा. आई जपमाळ घेऊन नुसती बसून होती. जागा कोणती, ते तुला सांगायला नको.

गॅरेजवाला म्हणाला, दोन्ही लॅम्प बदला. मला पटेना. दोन्ही बल्ब एकाच दिवशी कसे जातील? बल्ब काढून पाहिले, तारा शाबूत. १५ अँपिअरचा फ्यूज, टेस्ट लॅम्प दोन्ही टोकांना लागला. रिले, म्हणजे लॅम्पला करंट जोडणारा स्विच, टिक् करत होता, तरी हॉर्नचा काढून लावून पाहिला. तेच. मग दोन्ही बल्बचे प्लग काढून मीटर लावला, १२.५ व्होल्ट! करंट तर येतोय, मग दिवा का नाही? तासभर तिथेच अडलो.

तेव्हा तू आठवलास. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये मीटर हिसकावून ओरडायचास ना, 'अबे, लोड दे, मग मोज! अन् आधी अर्थिंग पाहा!' त्यावरून आपण दोन दिवस बोललो नव्हतो. प्लग लावले, बटण दाबलं. बल्बची तार काजव्यासारखी लालसर. मीटरची एक पिन बल्बच्या अर्थवर, म्हणजे करंट बॉडीत परत जातो तिथे, दुसरी बॅटरीच्या मायनसवर. ८ व्होल्ट! तिथे शून्याच्या आसपास पाहिजे. ५५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे ९ अँपिअर, ते गंजलेल्या बोल्टातून कसे जातील? नुसत्या मीटरला मात्र तेवढा गंज पुरतो, म्हणून तो १२ दाखवतो.

बंपरमागे दोन्ही लॅम्पच्या अर्थिंगचा एकच बोल्ट. १० नंबरच्या पान्यानं खोलला, तर वॉशरखाली हिरवा-पांढरा चुरा. पॉलिश पेपरनं पत्रा चकाकेपर्यंत घासला, बोल्ट कसला, वरून ग्रीस लावलं. ८ चे ०.१ झाले. भिंतीवर दोन पिवळे पट्टे पडले, खाली, रुंद. मी अंगणात बसूनच राहिलो रे.

त्या पुलापाशी जो गेला, त्याच्या तेराव्याला तू म्हणालास, गाडीचे दिवे धड असते तर तो वाचला असता. मी तुझी कॉलर धरली होती. ती गाडी आदल्या दिवशी मीच पाहिली होती, आणि बल्ब बदलून दिली होती. अर्थिंग पाहिलं नव्हतं. तेच कारण होतं की नाही, आता कसं कळणार? पण मी पाहिलं नव्हतं, हे तुला आजवर सांगितलं नाही.

तुझी बदली झाली का? पोरीची दहावी ना यंदा? वहिनींना नमस्कार.

मंगळवारी पुन्हा आईला न्यायचं आहे, पहाटे साडेचारला. पूल ओलांडला की तुला फोन करतो. झोपला असशील तरी उचल.

तुझा,
मी