धार बघितली, खटका नाही

महोदय,

गेल्या पावसाळ्यात पाचगावच्या एका साइटवर माझ्या हाताखालच्या पोराच्या तर्जनीला चार टाके पडले. जंक्शन बॉक्सचं भोक चाकूच्या टोकानं मोठं करत होता. टोक अडकलं, पात्याच्या पाठीवर जोर आला आणि घडीचा चाकू बोटावर मिटला. रस्त्यावरून घेतलेला, काळाकुट्ट, पाठीला करवतीचे दाते. आदल्याच दिवशी मला दाखवत म्हणाला होता, "मामा, धार बघा की, कसली हाय!" मीही धारच बघितली. चोवीस वर्षं वायरिंग करणाऱ्याला उघडं पातं अडवून धरणारा खटका बघायचं सुचू नये, याची लाज वाटते म्हणून हे पत्र.

साइटवर चालणाऱ्या चाकूत पहिला बघायचा तो खटका. लायनर लॉकमध्ये मुठीतली एक पट्टी पात्याच्या बुडामागं सरकून बसते. ती पत्र्यासारखी पातळ असली किंवा कडेवर कशीबशी टेकली असली, तर दाबाखाली घसरणारच. पाठीवर खटका असलेला बॅक लॉक मला जास्त भरवशाचा वाटतो, पण त्याच्या खाचेत सिमेंट भरलं की तोही अर्धवट बसतो. दुकानातच पातं उघडावं, बोटं त्याच्या वाटेत न ठेवता पाठ लाकडी काउंटरवर दाबून बघावी. पातं डावी-उजवीकडं लटपटलं तरी ठेवून द्यावा. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे. आणि पातं फिरतं तिथं रिव्हेट नको, स्क्रू हवा. वायरसाठी भिंतीत झिरी मारताना उडालेली विटांची भुकटी आत गेली की खोलून साफ तरी करता येतं.

पोलादाचं म्हणाल तर हल्ली जो तो डी-टू मागतो. धार टिकते खरी, पण त्यात गंज रोखणारं क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपासच, आणि त्यातलंही बरंच कार्बनशी बांधलेलं. आपल्याकडं झड लागली की पात्यावर गंजाचे ठिपके उठतात. बोथट झाला की साध्या दगडावर लवकर धारही येत नाही. मी ८सीआर१३एमओव्ही पोलादाचा वापरतो. रोज घासावा लागतो, पण चहा येईपर्यंत धार लागते. सिमेंटच्या गोण्या फाडायला मात्र मोडत्या ब्लेडचा कटरच बरा, आणि बांधणीची तार पकडीनंच तोडावी.

पातं तीन इंच पुरे. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्र कायद्यात परवान्याच्या यादीत येतं; घरकाम, शेती आणि उद्योगासाठी बनवलेल्या हत्यारांना त्यातून सूट आहे. तरी बटण दाबून उघडणारा खिशात घालून रात्री रंकाळ्यावर फिरू नये, हे पोरांना सांगावं लागतं. मूठ केशरी घ्यावी, चिखलात पडला तर सापडतो.

ठेकेदार हेल्मेट देतात, बूट देतात; चाकू ज्याचा त्यानं आणावा आणि तो शंभराच्या आतलाच येतो. तोही साइटच्या खर्चात धरावा. आयटीआयमध्ये पक्कड-टेस्टरसोबत खटका तपासायला एक तास द्यावा, एवढी विनंती.

पोराचं बोट आता वाकतं. टेस्टर धरताना मात्र अजून आखडतं.

– एक वायरमन, पाचगाव, कोल्हापूर