सोनं पळालं, नियमातला आकडा जागेवरच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीनंतरच्या आपल्या अंकात एका वाचकाचं पत्र वाचलं. सोन्याचा भाव गगनाला भिडला तरी सरकारचं सराफांकडे लक्ष नाही, धंदा मोकाट सुटलाय, असा त्याचा सूर होता. ते गृहस्थ बहुधा गिऱ्हाईक म्हणून नाशिकच्या सराफ बाजारात येत असावेत. मी तिथल्या एका लहान पेढीत गादीवर बेचाळीस वर्षं बसलोय. त्याआधी वडील बसायचे. मोकाट हा शब्द वाचून हसू आलं, म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण आकडे तेवढे कापू नका.

चीनच्या युद्धानंतर परकीय चलनाची ओढाताण झाली आणि जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. १४ कॅरेटच्या वरचा दागिना घडवायचा नाही! मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. आई सांगायची, बायका दुकानात येऊन चौदा कॅरेटची पाटली हातात घ्यायच्या आणि ‘हे पितळ तुमच्याकडेच ठेवा’ म्हणून परत द्यायच्या. बावीस कॅरेटला सरावलेल्या हाताला ते सोनं कडक लागायचं, ऐरणीवर ऐकायचं नाही. हातावर पोट असलेला कारागीर बसून राहिला. देशभरात सोनारांनी आत्महत्या केल्या. आमच्या वडिलांना चांदीनं तारलं. चांदीला तो नियम नव्हता, म्हणून त्यांनी तीन वर्षं देवाचे टाक, निरांजनं आणि पैंजण यांच्यावर घर चालवलं. १९६६ मध्ये १४ कॅरेटची अट गेली. १९६८ मध्ये रीतसर कायदाच आला.

त्या कायद्यात कारागिराला सर्टिफिकेट काढावं लागे. सोन्याच्या चिपा, बिस्किटं सामान्य माणसानं घरात ठेवायची नाहीत. दागिनेसुद्धा एकट्या माणसाकडे २ किलोच्या आणि कुटुंबाकडे ४ किलोच्या वर असतील तर सरकारला कळवायचे. वडिलांनी ते सर्टिफिकेट फ्रेम करून गणपतीशेजारी लावलं होतं. रोज रात्री दिवसभरात आलेलं, गेलेलं, तुटीत पडलेलं सोनं वहीत उतरवल्याशिवाय ते जेवायला बसत नसत. माती धुऊन सोन्याचे कण काढणारा झारेकरी दुकानातली माती न्यायला आला तरी तिचीही नोंद. मी गादीवर आलो तो १९८३ मध्ये, म्हणजे शेवटची सात वर्षं त्या वह्या मीही लिहिल्यात.

एवढं करून झालं काय? अधिकृत आयात जवळपास बंद आणि लग्नं तर चालूच. जी गरज सरळ वाटेनं भागली नाही ती चोरट्या वाटेनं भागली. मुंबईच्या किनाऱ्यावर कोण कोण मोठं झालं ते सर्वांना ठाऊक आहे. शेवटी जून १९९० मध्ये, प्रा. मधु दंडवते अर्थमंत्री असताना, तो कायदा रद्द झाला. वडिलांचा मात्र त्यावर विश्वास बसला नाही. ‘आज काढला, उद्या परत लावतील’ म्हणून त्यांनी सगळ्या वह्या माळ्यावर बांधून ठेवल्या. वर्षामागून वर्षं त्या तिथेच होत्या. पुढे दुकान दुरुस्तीला काढलं तेव्हा वह्या तळघरात आल्या आणि २००८ च्या सप्टेंबरात गोदावरी सराफ बाजारात शिरली तेव्हा त्यांचा लगदा झाला. वडील तेव्हा ऐंशीच्या घरात होते. चिखल उपसताना म्हणाले, ‘चला, आता सुटलो.’ कायदा मरून अठरा वर्षं झाली होती!

त्यानंतर सरकारनं हात काढला असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी आमच्या सीएच्या कपाटात डोकवावं. पूर्वी विचारायचे, तुझ्याकडे सोनं किती? आता विचारतात, किती कसाचं, घेतलं कुणी आणि पैसे कसे दिले. आयात शुल्काचंच घ्या. २०१३ मध्ये ते वर्षभरात १० टक्क्यांवर गेलं, २०२२ मध्ये सेस धरून १५ झालं आणि जुलै २०२४ मध्ये एका दुपारी ६ वर आलं. आदल्या दिवशी माल भरलेल्याचं काय झालं असेल ते सांगत नाही, कारण त्यातला एक मी.

२०१६ मध्ये दागिन्यांवर १ टक्का अबकारी शुल्क आलं, तेव्हा आम्ही जवळजवळ दीड महिना दुकानं बंद ठेवली. आज कबूल करतो, ते शुल्क १२ कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना होतं. माझी उलाढाल त्याच्या पासंगालाही पुरत नव्हती. तरी शटर खाली ओढलं, कारण वडिलांनी सांगितलेल्या इन्स्पेक्टरांच्या गोष्टी डोक्यात होत्या. पुढच्याच वर्षी ते शुल्क जीएसटीच्या ३ टक्क्यांत विरघळलं.

सगळं वाईटच झालं असंही नाही. हॉलमार्किंग, म्हणजे कसाचा अधिकृत शिक्का, पाहिजेच होतं. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात, तर मीच टोचतो. सांधे जोडायच्या टाक्याच्या नावाखाली आमच्या धंद्यात काय काय जिरवलं गेलंय ते आम्हाला माहीत आहे. बावीस सांगून वीस देणारे होते, आणि मोडीला आलं की तेच ‘घट फार आहे हो’ म्हणून मान हलवायचे. १६ जून २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक डागावर, म्हणजे दागिन्यावर, सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, आला. आता दिंडोरीची आजी नातवाच्या मोबाइलवर तो नंबर टाकून बघते. एका नगाला ४५ रुपये आणि वर कर. एवढ्यावर भांडण मिटत असेल तर स्वस्तच म्हणायचं. आणि गंमत बघा, ज्या १४ कॅरेटपायी १९६३ मध्ये माणसं मेली, त्याच १४ कॅरेटवर आज हॉलमार्क बसतो आणि पोरीबाळी आपणहून मागतात. जुलै २०२५ पासून तर ९ कॅरेटसुद्धा त्यात आलंय. सरकारच्या हुकुमानं जे झालं नाही ते भावानं करून दाखवलं.

आता मूळ मुद्दा. नियम बदलतात ते राजपत्रात, असा आपला समज. आमच्या धंद्यात कागदावरचा स्वल्पविरामही न हलता नियम बदलले आहेत. कारण आजचे आमचे नियम बहुतेक रुपयांत लिहिलेले आहेत.

हॉलमार्कच्या सक्तीतून वर्षाला ४० लाखांपर्यंत उलाढाल असलेला सोनार सुटतो. नियम आला तेव्हा, २०२१ मध्ये, दहा ग्रॅमचा भाव अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास हजार होता. म्हणजे वर्षाला आठशे ग्रॅम सोनं विकणारा त्यात बसत होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये भाव सव्वा लाखाच्या आसपास होता. त्या भावानं ४० लाखांत ३२० ग्रॅम येतं, महिन्याला तीन तोळेसुद्धा नाही. एवढ्यावर कुठल्या सोनाराचा संसार चालतो? सवलत कुणी काढून घेतली नाही, पण ती आता नावालाच उरली आहे. मालाच्या व्यापाराला जीएसटी नोंदणीसाठी हीच ४० लाखांची मर्यादा एप्रिल २०१९ पासून आहे. तेव्हाच्या भावानं त्यात सव्वा किलो सोनं मावत होतं.

गिऱ्हाइकाकडे पाहा. १ जानेवारी २०१६ पासून दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन लागतो. तेव्हा दोन लाखांत पंचाहत्तर ग्रॅम यायचं. एवढं सोनं एकदम घेणाऱ्याला पॅन विचारला तर त्यात काय गैर? १ एप्रिल २०१७ पासून दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घ्यायला बंदी आली. तिचाही मी विरोधक नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री नोटाबंदी जाहीर झाल्यावर देशभर किती पेढ्या मध्यरात्रीपर्यंत उघड्या होत्या आणि कोणत्या भावानं सोनं गेलं, हे लोकांनी पाहिलंय. आमच्याच लोकांनी ती बंदी ओढवून घेतली. पण तेव्हाचे दोन लाख म्हणजे सुमारे सात तोळे होते. सव्वा लाखाच्या भावानं तेच दोन लाख म्हणजे सोळा ग्रॅम, आणि त्यात घडणावळ आणि कर अजून धरलेलेच नाहीत. सात तोळ्यांवाल्या बड्या माणसासाठी लावलेलं जाळं आता दीड तोळ्याच्या मंगळसूत्राला अडकतंय.

गेल्याच आठवड्यात निफाडकडच्या एक बाई आल्या, मुलीचं लग्न मार्गशीर्षात. पदरात कांद्याचे आणि दोन वासरं विकल्याचे पैसे बांधलेले. मंगळसूत्र, दोन अंगठ्या, कानातलं. हिशेब दोन लाखांच्या पुढे गेला. मी पॅन मागितला.

‘शेठ, कार्ड मालकाच्या नावावर हाये. माझं कुठून आणू?’

‘मग थोडे पैसे बँकेतून द्या, ताई. आणि एक फॉर्म भरावा लागेल.’

‘बँकेत टाकायचे, परत काढायचे, मग तुम्हाला द्यायचे? पैसे तर हे बघा ना, इथंच हायेत.’

सोबतचा भाचा पुढे झाला. म्हणाला, ‘दोन बिलं करा ना, एक आज, एक परवा.’ त्याला कुणीतरी शिकवून पाठवलं असणार. पण कायद्यात तीही फट बुजवलेली आहे. एकाच प्रसंगासाठी एकाच माणसाकडून घेतलेली रोख एकत्र धरतात. लग्न हा एकच प्रसंग. आणि दंड जेवढी रक्कम घेतली तेवढाच, तोही घेणाऱ्याला, म्हणजे मला. हे सगळं त्या बाईंना समजावताना मला माझीच लाज वाटत होती. चोराला विचारायचे प्रश्न मी वासरं विकून आलेल्या आईला विचारत होतो.

सरकारला मर्यादा वाढवता येत नाहीत असं नाही. १ एप्रिल २०२५ पासून लघुउद्योगांच्या व्याख्या बदलल्या. सूक्ष्म उद्योगाची उलाढाल ५ कोटींवरून १० कोटींवर गेली, गुंतवणूक १ कोटीवरून अडीच कोटींवर. सातपूर-अंबडच्या कारखानदारांना त्याचा फायदा झाला, चांगलंच झालं. मग सोन्याच्या नियमातले दोन लाख आणि चाळीस लाख तेवढे दगडावर कोरलेत काय?

माझी मागणी साधी आहे. सोन्यापुरती ही मर्यादा ग्रॅममध्ये लिहा. पॅन आणि रोखीसाठी पन्नास-साठ ग्रॅम ठेवा, हॉलमार्कच्या सवलतीसाठी वर्षाला आठशे ग्रॅम ठेवा, किंवा तज्ज्ञ सांगतील तेवढं. ज्या १९६८ च्या कायद्याला आम्ही बावीस वर्षं शिव्या घातल्या, त्यात वरची दोन-चार किलोंची मर्यादा वजनातच होती, हे आता आठवतंय. भाव कितीही चढला तरी त्या मर्यादेत कालचा माणूस आजही तिथेच राहिला असता. वडील असते तर म्हणाले असते, वह्या फेकल्यास ना, भोग आता.

आमच्या बाजारात तोळ्याचंही असंच झालं. जुना तोळा ९६ गुंजांचा, साडेअकरा ग्रॅमच्या थोडा वर. दशमान पद्धत आली, तोळा कायद्यातून गेला, पण जिभेवर राहिला, आणि हळूहळू दहा ग्रॅमलाच तोळा म्हणायची रीत पडली. नव्या सुनेला सासूच्या पाच तोळ्यांत सुमारे सव्वाआठ ग्रॅम जास्त होते हे सांगितलं की ती डोळे मोठे करते.

निफाडच्या त्या बाईंनी शेवटी मंगळसूत्र तेवढं नेलं. बाकीच्या डागांसाठी ‘मालकाला घेऊन येते’ म्हणाल्या. ते द्राक्षाच्या छाटणीत आहेत, सवड मिळाली की येतील. अंगठ्या मी बाजूला काढून ठेवल्या आहेत, त्या दिवशीच्या भावानं. तो भाव किती दिवस धरून ठेवायचा, ते मात्र कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही.

कळावे,
आपला विश्वासू,
एक जुना सोनार
सराफ बाजार, नाशिक
१० नोव्हेंबर २०२५