टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या जुन्या कॅसेट टाकू नका हो

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी न्यू जर्सीत राहते, चाळीसेक वर्षं झाली इथं येऊन, आणि तुमचा पेपर रोज सकाळी आयपॅडवर वाचते. हे पत्र खरं तर इथल्या मराठी मंडळींसाठी आहे, आणि ज्यांची मुलं, भाचे इथं आहेत त्यांच्यासाठी.

गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या मैत्रिणीनं घर विकलं, दोघांनाही आता जिने झेपत नाहीत म्हणून. बेसमेंट आवरताना तीन मोठी खोकी भरून व्हीएचएस कॅसेट निघाल्या, व्हीसीआर बंद पडून वीस वर्षं झालेली, आता कोण बघणार, म्हणून रस्त्याच्या कडेला ठेवल्या आणि गुरुवारी कचऱ्याची गाडी घेऊन गेली. फोनवर तिनं सहज बोलता बोलता सांगितलं आणि माझ्या पोटात खड्डाच पडला. म्हणाली, अगं लग्नाच्या, मुंजीच्या सगळ्या आधीच बाजूला काढल्या होत्या, ह्या नुसत्या टीव्हीवरून घेतलेल्या. नेमक्या त्याच ठेवायला हव्या होत्या!

आपल्याला वाटतं अमेरिकेत सगळं जपून ठेवतात. टीव्हीच्या बाबतीत तसं अजिबात झालं नाही. सुरुवातीला बहुतेक सगळं लाइव्हच असायचं, कॉपी हवी असेल तर टीव्हीच्या काचेसमोर सिनेमाचा कॅमेरा लावून शूट करायचे. १९५६ मध्ये अँपेक्स कंपनीची व्हिडिओ टेप आली पण तासाभराच्या एका टेपला तेव्हा ३०० डॉलरच्या आसपास पडायचे, मग कार्यक्रम दाखवून झाला की टेप पुसायची आणि त्यावरच पुढचा घ्यायचा. जॉनी कार्सनचा रात्रीचा शो १९६२ ला सुरू झाला, देशात घरोघरी बघायचे, त्याच्या पहिल्या दहा वर्षांतले बहुतेक एपिसोड आज नाहीत. १९६७ चा पहिला सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची फायनल, दोन दोन नेटवर्कनी (देशभर कार्यक्रम दाखवणाऱ्या टीव्ही कंपन्यांनी) दाखवला आणि दोघांनीही टेप ठेवली नाही, पुढं कितीतरी वर्षांनी त्याचं बरंचसं रेकॉर्डिंग पेनसिल्व्हेनियात एका घराच्या माळ्यावर निघालं. ड्युमाँट नावाचं अख्खं नेटवर्क होतं, १९४६ ते १९५६, त्याची उरलेली रेकॉर्डिंग ट्रकमध्ये भरून न्यूयॉर्कच्या खाडीत टाकली असं एडी ॲडम्स ह्या नटीनं १९९६ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या सुनावणीत सांगितलं. हे वाचलं त्या रात्री मला खरंच झोप लागली नाही.

आणि वाचवलं कोणी? नॅशव्हिलमधल्या पॉल सिम्प्सन नावाच्या एका इन्शुरन्सवाल्या माणसाला कळलं की संध्याकाळच्या बातम्यांच्या टेप नेटवर्क दोनेक आठवड्यांत पुसून टाकतात, त्यानं व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीच्या मागे लागून ५ ऑगस्ट १९६८ पासून तिन्ही नेटवर्कच्या बातम्या रेकॉर्ड करायला लावल्या. त्यावर त्या तिघांतल्या सीबीएसनं कोर्टात केस केली, शेवटी १९७६ च्या कॉपीराइट कायद्यात लायब्ररींना बातम्या रेकॉर्ड करायची मुभा मिळाली.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती फिलाडेल्फियाची मॅरिअन स्टोक्स, आमच्यापासून फार लांब नाही. एकेकाळची लायब्ररियन. १९७९ ला इराणमध्ये अमेरिकन वकिलातीतल्या लोकांना ओलीस धरलं तेव्हापासून हिनं घरी रेकॉर्डर लावले ते २०१२ च्या डिसेंबरात वारली त्या दिवसापर्यंत चालू होते, रात्रंदिवस, एकाच वेळी कितीतरी चॅनल. दर सहा तासांनी कॅसेट बदलायच्या, त्यासाठी घरचे लोक हॉटेलातलं जेवण आवरतं घेऊन घरी पळायचे. साधारण सत्तर हजार कॅसेट! त्या सगळ्या सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनेट अर्काइव्ह ह्या डिजिटल लायब्ररीकडे गेल्या. शेजारपाजारच्यांना काय वाटत असेल तिच्याबद्दल, पण ती बाई बरोबर होती.

आमच्याकडे एक कॅसेट आहे, तिच्या लेबलवर ह्यांच्या अक्षरात लिहिलंय, "२८ जाने. ८६, बातम्या, पुसू नये". चॅलेंजर अवकाशयान फुटलं तो दिवस. मागची प्लास्टिकची छोटी पट्टी ह्यांनी स्क्रूड्रायव्हरनं तोडली होती म्हणजे वरून रेकॉर्ड होऊ नये, तर मुलानं दोन वर्षांनी तिथं सेलोटेप चिकटवून शेवटच्या अर्ध्या तासावर कार्टून घेतलं. राष्ट्राध्यक्ष रेगनचं त्या दिवशीचं भाषण आज कुठंही मिळतं, पण त्याच्या मागेपुढे आमच्या लोकल चॅनलचा निवेदक ज्या आवाजात बोलला, मधे फर्निचरच्या दुकानाची जी ॲड लागली, ते आणखी कोणाकडे असेल मला माहीत नाही. म्हणून डिजिटल करायला एका दुकानात दिली तर त्यांनी सगळ्या ॲड कापून "क्लीन" फाइल दिली, वर म्हणतात, तुमचा वेळ वाचला. नशीब मूळ कॅसेट परत मागून घेतली.

आपल्या लोकांनी अजून एक लक्षात घ्या. त्या काळात रविवारी सकाळी लोकल चॅनलवर अर्धा तास देशी कार्यक्रम लागायचा, हिंदी गाणी, भारतातल्या बातम्या, साडीच्या दुकानांच्या आणि तिकीटवाल्यांच्या जाहिराती, आम्ही पोहे खात खात बघायचो आणि रेकॉर्डही करायचो. इथं आपण टीव्हीवर दिसायचो ते तेवढंच. ते कोण जपणार, आपल्याच बेसमेंटमध्ये असेल तर असेल.

तर कृपा करून टाकण्याआधी लेबलं तरी वाचा. बेसमेंटच्या ओलीत ठेवू नका, कोरड्या खोलीत उभ्या लावा, आतल्या टेपवर पांढरी बुरशी दिसली तर व्हीसीआरमध्ये घालू नका, टेपही जाते आणि मशीनही. जवळच्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीला नाहीतर गावच्या हिस्टॉरिकल सोसायटीला फोन करून विचारा. आणि डिजिटल करायला दिल्या तर ॲडसकट हव्यात असं लिहून द्या.

मैत्रिणीचा परवा परत फोन आला होता, गॅरेजमध्ये पेंटच्या डब्यांमागे अजून एक खोकं सापडलंय. शनिवारी आणायला जातेय.

आपली,
एक नियमित वाचक, न्यू जर्सी (मूळची सांगलीची)