जडपणा मशीनमध्ये होता

छत्रपती संभाजीनगर,
रविवार, रात्री

ती. आई आणि ती. बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

आपलं शिलाई मशीन चालायलंय. आज दुपारी जुन्या चादरीच्या तुकड्यावर वीतभर टीप मारली आणि एकही टाका सुटला नाही. तो तुकडा पत्रासोबत पाठवते. फोनवर सांगायला बसले की निम्मं राहून जातं, आणि हे तर तुमच्या हाताशी लिहून असलेलंच बरं. वाचून झालं की पत्र मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवा.

आई, आधी तुझ्याशी बोलते. दोन वर्षांपासून तू म्हणत होतीस, "गुडघे गेले माझे आता, मशीन ओढंना." आम्ही सगळ्यांनी ते खरं धरलं. मीही म्हणाले होते, "राहू दे ना आई, आता कामून शिवतीस?" मला वाटलं होतं, मी माया करायलेय. मग तू मशीनवर चादर टाकलीस. गल्लीत कुणाकडं बाळ झालं की तुझ्या हातचं झबलं-टोपडं जायचं, ते थांबलं. शेजारच्या नातीच्या बारशाला तू पहिल्यांदा विकतचा फ्रॉक घेऊन गेलीस आणि ती पिशवी पदराखाली धरली होतीस. ते मी बघितलं होतं, पण बोलले नाही.

दिवाळीत तुम्ही दोघं दुपारी झोपला होतात तेव्हा मी चादर काढली. पायडलवरून येणारा कातडी पट्टा चाकावरून उतरवला आणि नुसतं चाक हातानं फिरवून पाहिलं. मशीन जड का चालतं हे बघायची हीच पहिली पायरी. पट्टा काढल्यावर चाक हलकं फिरलं, तर खोट खाली पायडलकडं असते. तसंच जड राहिलं, तर खोट वर मशीनमध्येच असते. मला दोन हात लावावे लागले. म्हणजे तिथं तुझ्या गुडघ्यांचा काही संबंधच नव्हता. तरण्या पोरीलाही ते मशीन ओढलं नसतं.

इथं आणल्यावर एका दुरुस्तीवाल्याला दाखवलं. त्यानं झाकणही न उघडता सांगितलं, "भंगारात द्या, मोटरचं नवीन घ्या." मी परत घेऊन आले. लाकडी पाटावरून सोडवलेलं नुसतं वरचं मशीन दहा-बारा किलोचं. सेलूहून रेल्वेत मांडीवर घेऊन बसले होते तेव्हा आजीची गोष्ट आठवत होती. हैदराबाद निजामाकडं होतं तेव्हा आजोबांनी निजामी हाली रुपये मोजून ते घेतलं आणि काचीगुड्याहून याच मार्गानं, मीटरगेजच्या गाडीनं आणलं. बाबा, तुम्ही म्हणायचात ते बरोबर आहे, सिंगरचं हे मशीन स्कॉटलंडातल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातलं. तो कारखाना १९८० साली बंद पडला, तरी आपलं काही अडत नाही. पुढं आपल्याकडची उषासारखी काळी मशिनं याच धर्तीवर निघाली, त्यामुळं सुई, बॉबिन (खालच्या दोऱ्याची फिरकी), बॉबिन केस (तिची डबी), पट्टा सगळं आजही मिळतं.

सहा रविवार लागले. पहिल्या रविवारी डावीकडचा नक्षीचा पत्रा उघडला. सुईचा दांडा ज्या नळीतून वर-खाली होतो, तिथं तपकिरी, राळेसारखा थर चढलेला होता. नखानं निघाला नाही. बोटाला घासून वास घेतला तर करडईच्या जुन्या तेलाचा.

बाबा, हे वाचून वाईट वाटून घेऊ नका. मशीनचं तेल संपलं म्हणून तुम्ही घरच्या घाण्याचं करडईचं तेल सोडत होतात. आपल्या शेतातलं, स्वच्छ गाळलेलं, ते मशीनला वाईट कसं असेल, असं कुणालाही वाटेल. पण करडईचं तेल वाळणारं आहे. पातळ थरात हवा लागली की ते हळूहळू घट्ट होतं आणि त्याचा पापुद्रा धरतो. त्याच गुणामुळं ते रंगात आणि व्हार्निशात वापरतात. म्हणजे दर महिन्याला आपण आतल्या लोखंडावर व्हार्निशचा एक-एक हात मारत होतो. जड झालं की तुम्ही आणखी तेल सोडायचात, घटकाभर हलकं व्हायचं आणि पुढच्या महिन्यात आधीपेक्षा जड.

आणि आई, तू वरच्या भोकांत खोबरेल सोडायचीस, ते मला आठवतंय. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. आपल्या परभणीकडची थंडी तुला मी काय सांगू! बाटलीतलं तेल चुलीजवळ ठेवल्याशिवाय निघत नाही, तेच मशीनच्या आतही थिजत होतं. तू म्हणायचीस ना, "सकाळच्या पारी गुडघे लई धरतात, दुपारी जरा मोकळे होतात, आन् उन्हाळ्यात तर काहीच नाही." गुडघ्यांचं मला ठाऊक नाही, पण मशीन नेमकं तसंच वागत होतं. दोन्ही दुखणी एका वेळापत्रकावर चालली होती आणि आपण सगळा दोष तुझ्या पायांना दिला.

तो थर काढायला रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइन आणलं. खिडक्या उघड्या, गॅस बंद, आणि ब्रशनं फक्त आतल्या लोखंडी भागांना लावलं. अंगावरच्या काळ्या रंगाला आणि सोनेरी वेलबुट्टीला थेंबही लागू दिला नाही, कारण तो रंग गेला तर परत येत नाही. लावायचं, रात्रभर ठेवायचं, पुसायचं, चाक जरासं मागं-पुढं करायचं. जोर कुठंही केला नाही. तिसऱ्या रविवारी संध्याकाळी सुईचा दांडा पहिल्यांदा आपणहून खाली आला. मी स्वयंपाकघरात एकटीच होते, आणि मला रडू आलं.

कापड पुढं सरकवणाऱ्या दातांवरची पट्टी काढली तेव्हा खाली वाकळीसारखा दाबून बसलेला थर निघाला. गोधड्यांचा, जुन्या लुगड्यांचा, शाळेच्या खाकी चड्ड्यांचा भुसा. कापड पुढं सरकत नव्हतं ते त्यामुळं. दातांच्या फटी भरून आल्यावर ते कापड धरणार कसे? तो थर मी टाकला नाही, एका डबीत ठेवलाय.

आता पुढची काळजी. बाबा, तेलाचं काम तुमच्याकडं. मशीनच्या तेलाची बाटली सोबत आणतेय, तिला लाल दोरा बांधलाय म्हणजे दुसरीशी घोळ व्हायचा नाही. जिथं जिथं तेल द्यायचं तिथं मी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. एका ठिकाणी एकच थेंब. शटल (बॉबिन केस ज्यात बसते तो भाग) काढून ते ज्या गोल खाचेत अर्धं फिरून मागं येतं, तिथंही एक थेंब, पण आधी ब्रशनं भुसा काढून. आई रोज शिवत असेल तर आठवड्यातून एकदा पुरे. शिवत नसेल तरी महिन्यातून एकदा चाक फिरवाच, बंद राहिलेलं मशीन आणखी धरतं. तेल दिल्यावर दोरा काढून, फूट (कापड दाबणारा पाय) वर उचलून दोन मिनिटं चालवायचं. फूट खाली असेल आणि कापड नसेल तर दात फुटाला घासतात. रात्री फुटाखाली चिंधी ठेवा, सुटलेलं तेल ती पिऊन घेते आणि सकाळी कापडावर डाग पडत नाही. खाली पायडलच्या दोन्ही टोकांना आणि चाकाकडं जाणाऱ्या दांड्याच्या सांध्यांना तेल द्यायला विसरू नका. पट्ट्याला मात्र तेल लावायचं नाही, तो घसरतो. तो सैल झाला होता, तुकडा कापून तारेची क्लिप परत घालणार आहे. ते मी आल्यावर करू.

एक राहिलं. बॉबिन भरताना मोठ्या चाकाच्या मधलं छोटं चाक ढिलं करतो, ते भरून झाल्यावर घट्ट करायचं. चाक फिरतंय पण सुई हलत नाही, असं झालं तर दुसरं काही उघडायच्या आधी तेवढंच बघा.

आई, "खालून जाळं होतंय, बॉबिनच खराब झालंय" असं तू म्हणायचीस. मीही आधी खालीच शोधत बसले. पण जाळं खाली दिसलं तरी बहुतेक वेळा कारण वरच्या दोऱ्यात असतं. फूट खाली असताना दोरा ओवला तर दोऱ्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्या मधे न बसता वरच राहतो, त्याला ताणच मिळत नाही, आणि तो खाली ढीग करतो. मोतीबिंदूच्या आधीपासून तू कापड हलू नये म्हणून फूट खाली करून ओवायचीस, ते माझ्या डोळ्यांपुढं आहे. आता आधी फूट वर, मग दोरा. शिवायला सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागं धरून ठेव, आणि पहिला फेरा चाक हातानं आपल्याकडं फिरवून घे. पायडल उलटं गेलं की दोरा तुटतो नाहीतर आत गुंततो.

सोबतच्या तुकड्यावर वरून लाल आणि खालून पांढरा दोरा घातलाय, मुद्दाम. पहिल्या ओळीत खालच्या बाजूला लाल फासे लोंबतायत, तेव्हा वरचा ताण कमी होता. दुसरीत वरच्या बाजूला पांढरे ठिपके आलेत, तेव्हा तो जास्त झाला. तिसरीत गाठ कापडाच्या पोटात बसलीय, वरून फक्त लाल, खालून फक्त पांढरा. वरच्या ताणाचा स्क्रू पाव फेरा फिरवायचा आणि चिंधीवर बघायचं. बॉबिन केसच्या बारक्या स्क्रूला हात लावू नकोस. तो मी बसवलाय. बॉबिन केस दोऱ्यावर लोंबती धरली की जागीच राहते आणि हलका झटका दिला की थोडीशी खाली उतरते, तितकाच ताण पाहिजे.

आणि सुई. आत होती ती टोकाला वाकलेली होती, टाके सुटत होते ते तिच्यामुळं. सुई दोऱ्यापेक्षाही स्वस्त आहे, तिला जपू नकोस. मी १४ आणि १६ नंबरच्या आणल्यात, गोधडीसाठी १८ ची. दुकानात मागवलीस तर घरच्या मशीनची, चपट्या बुडाची सुई माग, गोल बुडाची मोठ्या कारखानी मशीनची असते. सुईच्या एका बाजूला लांब खाच असते, दोरा त्या बाजूनंच ओवायचा. डोळ्यांना दिसली नाही तरी नखाला लागते. तुझी नखं माझ्यापेक्षा हुशार आहेत.

गुडघ्यांचं मात्र डॉक्टरांना दाखवायचंच आहे. मशीन हलकं झालं म्हणून ते टाळायचं नाही. बाबा, तारीख घेऊन ठेवा, मी सोबत येते.

शनिवारच्या गाडीनं मशीन घेऊन येते. स्टेशनवर कुणाला तरी पाठवा, पायऱ्यांवर मला एकटीला उचलवत नाही. आई, ट्रंकेतली ती मऊ जुनी लुगडी काढून उन्हात टाक. आणि शेजारच्या नातीच्या बारशानंतर गल्लीत आणखी कुणाकडं बाळ झालंय का, तेवढं विचारून ठेव.

तुमची,
ताई