तळघरातला एअर क्लीनर

मिसिसागा,
2 नोव्हेंबर

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, तळघरात घर गरम करणाऱ्या फर्नेसशेजारचा तुमचा लाडका एअर क्लीनर परवा मी एकटीने धुतला. फोनवर सांगितलं असतं तर पहिल्याच वाक्याला "आधी स्विच बंद केलास का?" म्हणून अडवलं असतंत, म्हणून लिहून कळवते. केला होता. शिवाय बंद केल्यावर जरा वेळ थांबलेही. धुळीला विजेचा भार देणाऱ्या आतल्या तारांवर 6-8 हजार व्होल्ट असतात, हे तुम्ही इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही आठवेल.

2023च्या जूनमध्ये तुम्ही इथे होतात आणि क्यूबेकच्या वणव्यांचा धूर आमच्या गल्लीपर्यंत आला होता, तेव्हा टबातलं पाणी शाईसारखं झालं होतं. या वेळी तेवढं नाही, पण मार्चपासून हात लावला नव्हता, त्यामुळे ती धूळ ओढून धरणाऱ्या पत्र्यांवर करडा थर चांगलाच बसला होता. कढत पाण्यात डिशवॉशरची पावडर विरघळवून दोन्ही सेल, म्हणजे तारा-पत्र्यांच्या चौकटी, अर्धा तास बुडवले. घासायचं नाही, हे लक्षात होतं. हातमोजे घालायचे, हे नव्हतं. पत्र्याच्या कडेने अंगठा कापला. (आई, थोडासाच. हळद लावलीय.)

खरी चूक पुढे झाली. सकाळी सेल वरून कोरडे दिसले, मी लगेच बसवले. स्विच लावला तर फोडणी तडतडावी तसा आवाज, आणि तो ओझोनचा उग्र वास. ओल आत, तारांच्या टोकांशी राहिली होती. पुन्हा काढून रात्रभर टेबलफॅनपुढे ठेवले. तरी एका सेलमधून टिकटिक चालूच. बघते तर केसाएवढी ती टंगस्टनची तार तुटून पत्र्याला टेकलेली. पुसताना मीच ओढली असणार. पकडीने दोन्ही तुकडे काढून टाकले आणि आवाज थांबला. नवी येईपर्यंत एक तार कमी चालेल, लोंबकळती मात्र नको, बरोबर ना?

सेल बसवताना त्यावरच्या हवेच्या बाणाची दिशाही चुकणार होती. पण डक्टवर तुमच्या अक्षरात पेन्सिलने "हवा इकडून" लिहिलेलं सापडलं.

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात चिमणीआधी धुरातली राख पकडणाऱ्या ईएसपीचं (इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटरचं) हे शेंडेफळ, असं तुम्ही म्हणायचात ते आता पटतंय. तिथे तारांना ऋण भार, इथे ओझोन कमी व्हावा म्हणून धन. तिथे पत्रे ठोकून राख खालच्या हॉपरमध्ये, म्हणजे नरसाळ्यासारख्या टाकीत, पाडायला हातोडे होते, इथे हातोडा मीच.

आई, तुझ्या मिरचीच्या ठसक्यावर मात्र याचा काही इलाज नाही. धूळ-धूर पकडतो, वास तसाच पुढे जातो.

आता तुमच्या बेडरूममधल्या एसीचं. त्याच्या जाळ्या दिवाळीआधी धुतल्यात, असं आईकडून कळलं. बाबा, स्टुलावर कोण चढलं होतं ते तिने सांगितलं नाही, पण मला कळलं. पुढच्या वेळी शेजारच्या मुलाला बोलवा. जाळ्या खाली आल्या की धुवा तुम्हीच.

तुमची,
मंजू